टॉर्कचा आकडा पुस्तकातलाच, तरी बोल्ट का मोडतो? एककांचा गोंधळ शोधण्याची पद्धत

"पुस्तकात लिहिलाय तेवढाच टॉर्क दिला, तरी आटे गेले." (पुस्तक म्हणजे कंपनीचं मॅन्युअल, टॉर्क म्हणजे बोल्ट फिरवताना दिलेला पिळाचा जोर.) ही तक्रार आपल्याकडे गोव्यात वर्षातून दोनदा जोर धरते. पहिल्यांदा बंदीच्या काळात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, मालीम-कुटबणला ट्रॉलर नांगरलेले असतात आणि त्यांची इंजिनं उघडून पडलेली असतात. दुसऱ्यांदा चवथ आटोपल्यावर, पर्यटक यायच्या आधी, कळंगुट-म्हापसा पट्ट्यातल्या भाड्याच्या दुचाक्या झुंडीनं सर्व्हिसिंगला येतात तेव्हा.

तक्रारीची रूपं वेगवेगळी असतात. ऑइल बदललं की चेंबरच्या ड्रेन बोल्टाशी थेंब धरतो. टॅपेट कव्हरचा बारका बोल्ट आवळता आवळता हातात येतो. हेड गॅस्केट नवं घातलं, बोल्ट टॉर्क रेंचनंच (लावलेला टॉर्क आला की "टिक" करणाऱ्या पान्यानंच) आवळले, तरी महिन्याभरात कडेनं पाणी पाझरायला लागतं. बोल्ट बदलतात, गॅस्केट बदलतं, मेकॅनिकही बदलतो. तक्रार मात्र परत येते. दोष जातो डुप्लिकेट मालाला किंवा खाऱ्या हवेला. खारी हवा खरोखर वाईट आहे, तिच्याकडे पुढे येतो. पण त्याच गॅरेजमध्ये त्याच जागेचा बोल्ट पुन्हा पुन्हा जात असेल, तर आधी बोल्टाकडे बघू नका. पुस्तकातून निघालेला आकडा पान्यापर्यंत कसा पोचला ते बघा. वाटेत कुठंतरी त्याचं एकक गळून पडलेलं असतं.

ते गळतं कसं? मालक फोनवर सांगतो, "बारावर आवळ." तांडेल ते खडूनं केबिनच्या फळीवर लिहितो, "हेड १२". आवळणारा हातात घेतो फूट-पाउंडाचा पाना. १२ केजीएम (किलोग्रॅम-मीटर), १२ एनएम (न्यूटन-मीटर) आणि १२ फूट-पाउंड यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि फळीवर फक्त १२ आहे. कुणी म्हणतं "अडीच किलोनं आवळ". हे किलो केजीएमचे की केजी-सेंटिमीटरचे, हे सांगणाऱ्याला माहीत असतं, ऐकणाऱ्याला नसतं.

आधी मूळ नाती. इथं "केजी" म्हणजे वस्तुमान नव्हे, एक किलोच्या वजनाएवढा जोर.

१ केजीएम = ९.८०६६५ एनएम
१ फूट-पाउंड = १.३५५८ एनएम
१ इंच-पाउंड = ०.११३ एनएम
१ एनएम = ०.७३७६ फूट-पाउंड = ८.८५ इंच-पाउंड = १०.२ केजी-सेंटिमीटर
१ केजीएम = ७.२३३ फूट-पाउंड = १०० केजी-सेंटिमीटर
१ फूट-पाउंड = १२ इंच-पाउंड

बहुतेक जपानी बनावटीच्या मॅन्युअलांत तिन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात: २४ एनएम, २.४ केजीएम, १८ फूट-पाउंड. सोय म्हणून छापलेले हे तीन आकडेच घोटाळ्याचं मूळ होतात, कारण घाईत पान उघडणारा पहिला दिसेल तो उचलतो. (बारीक हिशेब करणाऱ्यानं २.४ ला ९.८ नं गुणलं तर २३.५ येतात, २४ नाही. गोळाबेरीज आहे, घाबरू नका. तेवढ्यानं काही मोडत नाही.)

आता मुख्य काम. बिघाडाचं रूप पाहून कुठली अदलाबदल झाली ते बऱ्यापैकी ओळखता येतं. पहिला प्रश्न एकच विचारा: पान्याचा "टिक" आला होता का?

टिक आलाच नाही आणि बोल्ट आधी गेला, तर चूक दहापटीच्या आसपासची आहे. नेहमीचा बळी म्हणजे टॅपेट कव्हरचा एम-६ बोल्ट (आट्याचा व्यास ६ मिलिमीटर). पुस्तकात ८८ लिहिलेलं असतं, इंच-पाउंडात, म्हणजे साधारण १० एनएम. पाना मात्र फूट-पाउंडाचा किंवा एनएमचा. त्यावर ८८ लावलं की पहिल्यात बारापट आणि दुसऱ्यात जवळपास नऊपट मागणी होते. एम-६ बोल्ट तिथवर पोचूच शकत नाही. आवळणारा टिकची वाट बघत राहतो आणि बोल्टाची मान तुटते. जुन्या पुस्तकांतले केजी-सेंटिमीटरही असाच घात करतात. "१००" दिसतं, प्रत्यक्षात ते १ केजीएम, म्हणजे ९.८ एनएम. ड्रेन बोल्टासमोर "२५०" लिहिलेलं दिसलं तर तेही हेच, साडेचोवीस एनएम.

चूक उलट्या दिशेनं झाली तर काहीच मोडत नाही, आणि म्हणून ती लवकर सापडत नाही. २.४ केजीएम हवे असताना डिजिटल पान्यावर २.४ एनएम लावले, की पाना लगेच टिक करतो आणि सगळे खूश. बोल्ट बोटानं आवळल्यासारखाच राहिलेला असतो. दोन दिवसांत इंजिनाखाली ऑइलचा डाग.

टिक व्यवस्थित आला, काम नीट झालं असं वाटलं, आणि त्रास काही आठवड्यांनी सुरू झाला, तर संशय फूट-पाउंड आणि एनएमच्या अदलाबदलीवर घ्या. ही सगळ्यांत लबाड चूक. फरक फक्त १.३६ पटीचा, त्यामुळे हाताला काही वेगळं जाणवत नाही. हेड बोल्टाला १२० एनएम हवे होते आणि १२० फूट-पाउंड दिले, तर बसतात जवळजवळ १६३ एनएम. बोल्ट लगेच तुटत नाही, ताणला जातो. कायमचा ताणला गेलेला बोल्ट पकड सोडतो, आणि गॅस्केट एका बाजूनं पाझरू लागतं. उलट १८ फूट-पाउंडाच्या जागी १८ एनएम दिले, तर बोल्ट सव्वीस टक्के सैल राहतो आणि हादऱ्यानं हळूहळू निघतो. एकसिलिंडरी इंजिनाचा किंवा आउटबोर्डचा हादरा असला की हे आणखी लवकर होतं.

आकडा हातात आल्या आल्या तो शक्य कोटीतला आहे का, हे एका नजरेत ताडता आलं पाहिजे. ८.८ प्रतीच्या साध्या पोलादी बोल्टांसाठी ढोबळ मापं अशी: एम-६ ला १० एनएम, एम-८ ला २५, एम-१० ला ५०, एम-१२ ला ८५. आटे अ‍ॅल्युमिनियममध्ये असले तर सहसा यापेक्षा कमी. प्लगचंही लक्षात ठेवा: अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये १० मिलिमीटरच्या प्लगला १० ते १२ एनएम, १४ मिलिमीटरच्याला २५ ते ३०. ही मापं मॅन्युअलच्या जागी वापरायची नाहीत. मॅन्युअलचा आकडा ऐकून आला असेल तर त्याला दारात अडवायला एवढी पुरतात. एम-८ च्या बोल्टाला कुणी "१८०" सांगितलं, तर ते एनएम असूच शकत नाही. इंच-पाउंड धरले तर वीस एनएम होतात, म्हणजे पटण्याजोगं. केजी-सेंटिमीटर धरले तर साडेसतरा, तेही पटतं. अशा वेळी पुस्तकाचं पान मागवायचं, अंदाजानं पुढे जायचं नाही.

इथं एक सापळा आहे. तो एककांचा नाही, पण दिसतो अगदी तसाच. गॅरेजमध्ये "दहा नंबरचा बोल्ट" म्हणजे ज्याला १० नंबरचा पाना लागतो तो, आणि तो बोल्ट असतो एम-६. तक्त्यात मात्र "१०" हे आट्याच्या व्यासाचं माप असतं. नवा पोरगा दहा नंबरच्या बोल्टासाठी तक्त्यातली एम-१० ची ओळ वाचतो, ५० एनएम लावतो आणि पाचपट जोरानं बोल्ट मोडतो. मग रूपांतर चुकलं म्हणून सगळे कॅल्क्युलेटर काढून बसतात. जपानी घाटाच्या दुचाक्यांवर एम-६ ला १० चा पाना लागतो, एम-८ ला १२ चा, एम-१० ला १४ चा, एम-१२ ला १७ चा. युरोपीय घाटात एम-८ ला १३ चा लागतो आणि वरचे आकडेही बदलतात. व्यास मोजायचा असेल तर बोल्ट काढून आट्यांवर व्हर्नियर लावा.

तोंडी हिशेबासाठी मला तीनच युक्त्या पुरतात. एनएमचे फूट-पाउंड करायचे तर पाऊणपट घ्यायचे. फूट-पाउंडाचे एनएम करायचे तर एक तृतीयांश वाढवायचे. इंच-पाउंडाचे एनएम करायचे तर नऊनं भागायचं. तिन्हींत चूक पावणेदोन टक्क्यांच्या आतबाहेर राहते. टिक करणाऱ्या चांगल्या पान्याचीच मान्य चूक चार टक्के इकडे-तिकडे असते, त्यामुळे कॅल्क्युलेटरवर दशांशाचे चार अंक काढून काही साधत नाही. केजीएमचे एनएम करताना दहापट घ्या आणि दोन टक्के कमी करा. घाईत ते दोन टक्के सोडले तरी चालतं. ट्रकच्या काही युरोपीय पुस्तकांत डेकान्यूटन-मीटर असतं. ते बरोबर १० एनएम, म्हणजे आपल्या केजीएमचा जवळपास जुळा भाऊ. ती अदलाबदल झाली तरी बोल्टाला पत्ता लागत नाही.

आता पाना. आकडा आणि एकक दोन्ही बरोबर पोचले, तरी घोटाळा पान्याच्या दांड्यावर होऊ शकतो. दांड्याच्या एका बाजूला एनएम आणि दुसऱ्या बाजूला फूट-पाउंड कोरलेले असतात. अनेक स्वस्त पान्यांत फिरणाऱ्या मुठीवरचे बारीक आकडे मात्र या दोहोंपैकी एकाच एककाचे असतात. दांड्यावर एनएमची रेघ गाठली आणि "वर आणखी सहा" मुठीवरून मोजले, तर ते सहा फूट-पाउंडाचे निघू शकतात. तपासायचं सोपं आहे: मूठ पूर्ण एक फेरा फिरवा आणि दांड्यावर कुठल्या बाजूची रेघ नेमकी एक घर सरकते ते बघा. मुठीचे आकडे त्या बाजूचे. मग दुसरी बाजू चिकटपट्टीनं झाकून टाका. फार ओबडधोबड उपाय वाटेल, पण गॅरेजमध्ये चार जण एकच पाना वापरत असतील तर याच्याइतका खात्रीचा दुसरा नाही. डिजिटल पान्यात तर एकक बदलायचं बटण अंगठ्याखालीच येतं. दर वेळी आकड्याआधी एकक वाचायची सवय लावावी लागते.

पान्याचा पल्लाही बघा. अर्धा इंची चौकोनाचा (ज्यावर गोटी, म्हणजे सॉकेट, बसते तो) २८ ते २१० एनएमचा पाना एम-६ साठी नाही, हे उघड आहे. पण पल्ल्याच्या तळातल्या वीसेक टक्क्यांतही असा पाना भरवशाचा नसतो. ३० एनएमसाठी तो काढण्यापेक्षा लहान पाना घ्या.

पान्यावर कुठलं एकक आहे याचीच शंका असेल, रेघा पुसल्या असतील किंवा पाना जुन्या बाजारातून आणला असेल, तर पाण्याच्या कॅननं चाचणी घ्या. पान्याचा चौकोन व्हाइसमध्ये घट्ट धरा, दांडा आडवा ठेवा. चौकोनाच्या मध्यापासून बरोबर ४० सेंटिमीटरवर, मुठीच्या मध्याशी, भरून १० किलो होईल एवढा पाण्याचा कॅन दोरीनं टांगा. कॅनसकट दहा, काट्यावर तोलून. १० किलो गुणिले ०.४ मीटर म्हणजे ४ केजीएम, अर्थात ३९.२ एनएम. पान्याचं स्वतःचं वजनही धरावं लागतं. पाना १.२ किलोचा आणि त्याचा तोल चौकोनापासून २० सेंटिमीटरवर असेल तर आणखी २.४ एनएम. एकूण साडेएकेचाळीसच्या जवळ. मूठ सैल ठेवून सुरुवात करा, थोडी थोडी वाढवा आणि दर वेळी कॅन हळूच लोंबकळू द्या. टिक यायचा थांबतो ती रेघ ४१-४२ च्या आसपास असेल, तर आकडे एनएमचे आहेत. ३०-३१ ला असेल, तर फूट-पाउंडाचे. मधेच कुठंतरी, ३६ च्या आसपास, येत असेल, तर पाना बिघडलाय, त्याला कॅलिब्रेशनला पाठवा.

एखादा चिकित्सक विचारेल की किलोचं वजन जागेनुसार बदलतं, मग गोव्यात हे चालेल का? ९.८०६६५ हा प्रमाण आकडा १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरवलेला आहे. आपल्या अक्षांशावर गुरुत्व प्रत्यक्षात ९.७८ च्या जवळ आहे. फरक पाव टक्क्याचा. कॅनच्या दोरीची गाठ एक सेंटिमीटर सरकली तर त्याच्या दहापट चूक होते, तेव्हा लक्ष गाठीवर ठेवा.

सगळी एककं जुळली आणि तरी बोल्ट जातोच आहे, असंही होतं. मग कारणं दुसरी असतात आणि ती आपल्याकडे जास्त आढळतात. खाऱ्या हवेला भिऊन प्रत्येक आट्याला ग्रीस किंवा तांबेरी अँटी-सीझ चोपडायची पद्धत आहे. पद्धत योग्यच, पण पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असेल तर ग्रीस लावून तोच टॉर्क चालत नाही. टॉर्कचा मोठा भाग घर्षण खातं. घर्षण कमी झालं की उरलेला जोर बोल्ट ताणण्यात जातो. हिशेबात धरायचा घर्षणाचा गुणांक ०.२० वरून ०.१५ वर आला, तर त्याच टॉर्कला बोल्टाचा ताण तेहतीस टक्के वाढतो. म्हणजे फूट-पाउंड-एनएमची चूक केल्यासारखाच परिणाम. पुस्तकात "तेल लावून" असं लिहिलं असेल तर तेल लावा, "कोरडे" असेल तर कोरडे, आणि स्वतःहून ग्रीस लावणार असाल तर टॉर्क उतरवा. स्टेनलेसचे बोल्ट याच्या उलटा त्रास देतात. कोरडे आवळले तर आटे एकमेकांत धरतात, टिक येतो, पण पकड आलेलीच नसते. अ‍ॅल्युमिनियममध्ये घातलेला स्टेनलेस बोल्ट खाऱ्या पाण्याशेजारी आपल्याभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम खातो, तो प्रकार निराळाच.

जागा अडचणीची म्हणून पान्याच्या तोंडाला पुढे काकपायासारखा जोड लावतात, तेव्हाही आकडा बदलतो. पान्याची लांबी चौकोनापासून मुठीच्या मध्यापर्यंत ४०० मिलिमीटर आणि जोड सरळ पुढे ५० मिलिमीटर असेल, तर ९० एनएम हवे असताना पान्यावर ९० गुणिले ४०० भागिले ४५०, म्हणजे ८० लावायचे. जोड काटकोनात लावला तर काही बदलायचं नाही. गोटीला लावलेल्या उभ्या एक्स्टेन्शननंही आकडा बदलत नाही. आणि टॉर्क रेंचच्या मुठीत पाइप घालून आवळणाऱ्याला कृपया साधा टी पाना द्या.

हेड बोल्टांत आणखी एक भानगड असते: "४० + ९०". हे ४० एनएम आणि मग ९० अंश आहे. अंशांचं रूपांतर होत नाही. पाना फूट-पाउंडाचा असला तर फक्त ४० चे साडेएकोणतीस करायचे, ९० तसेच. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला हा निरोप कुणी बेरीज करून १३० केला, की हेड परत उघडायचं.

थोडं बाजूचं, पण दर वर्षी विचारलं जातं म्हणून. फर्मागुडीला किंवा वेर्ण्याला इंजिनिअरिंग शिकणारी मुलं रोबोटचा हात करतात आणि म्हणतात, "दहा किलोचा सर्वो घेतला, अर्धा किलोही उचलत नाही." ते दहा किलो म्हणजे सर्वो मोटरचा टॉर्क, १० केजी-सेंटिमीटर, ०.९८ एनएम. हात २० सेंटिमीटर लांब असेल तर टोकाला ५०० ग्रॅम, तेही मोटर जागच्या जागी अडकून तापत असताना, आणि हाताचं स्वतःचं वजन त्यातूनच वजा. सतत हलवायचं असेल तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचीच आशा धरा.

एककाची चूक सापडल्यावर बहुतेक जण तेच बोल्ट सैल करून बरोबर आकड्यावर परत आवळतात. कमी टॉर्क दिला असेल तर हे चालतं, फक्त चुरगळणारा वॉशर असला तर नवा घाला. जास्त दिला असेल तर नाही. १६३ एनएम खाल्लेला बोल्ट काढा, नव्या बोल्टाशेजारी उभा धरा, लांबी ताडा, आट्यांवर नटाला बोटानं शेवटपर्यंत फिरवून बघा. कुठं अडकला किंवा मान बारीक दिसली तर तो भंगारात. अंशांत आवळायचे बोल्ट बहुधा एकदाच वापरायचे असतात. पुस्तकात तसं लिहिलं असेल तर न बघताच नवे घ्या. चेंबरच्या अ‍ॅल्युमिनियममधले आटे गेले असतील तर टेफ्लॉन टेप गुंडाळून दिवस ढकलू नका, हेलिकॉइल बसवून घ्या. आत पोलादी तार बसली तरी ड्रेन बोल्टाला टॉर्क मूळचाच द्यायचा, वाढवायचा नाही. आणि आवळून झालं की चेंबरवर ऑइल पेंटनं लिहा: २४ एनएम. दोन्ही, आकडा आणि एकक.